रिकाम्या प्लॅटफॉर्मची परीक्षा

उत्तर समुद्रात बघण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी बोल लावायला नको. वर राखाडी, खाली राखाडी, आणि मध्ये कुठेतरी एक पिवळा लोखंडी डबा चार पायांवर उभा. त्या डब्यावर मी हौसेने नाही, ऑफिसच्या कामाने गेले होते. तरी लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी कोणी तिथे जाण्याची शक्यता आता उरलेली नाही. तिथे आता कोणीच राहत नाही. तशी व्यवस्था करायलाच आम्ही गेलो होतो.

मी मूळची चिंचवडची, राहते अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये. आमच्या बाल्कनीतून दुसऱ्यांच्या बाल्कन्या दिसतात आणि त्यांच्या बाल्कन्यांतून आमची. माझी कंपनी समुद्रातले गॅसचे प्लॅटफॉर्म किनाऱ्यावर बसून चालवायचं सॉफ्टवेअर बनवते. गॅसचा दाब वाढला, झडप बंद करायची, पंप थांबवायचा, हे सगळं आता किनाऱ्यावरच्या खोलीत बसलेला माणूस करतो, आणि त्याला चहा प्यायला जायचं असेल तर आमचं सॉफ्टवेअर करतं. हा एक प्लॅटफॉर्म मी कित्येक वर्षं पडद्यावर बघत होते. त्याची प्रत्येक झडप मला नंबराने ठाऊक होती. प्रत्यक्षात तो केवढा आहे, हे मात्र मला माहीत नव्हतं.

निघताना माझी आठ वर्षांची लेक डचमध्ये म्हणाली, "तिथे कोणी राहणारच नाही, तर तू कशाला जातेस?" मी मराठीत सांगितलं की कोणी राहायचं नाही हे ठरवायला जाते. तिने खांदे उडवले. आमच्या घरात संवाद असाच होतो, दोन भाषांत आणि एका सुरात.

डेन हेल्डर

डेन हेल्डर हे हॉलंडच्या वरच्या टोकाचं बंदर. ट्रेन तिथे संपते, कारण पुढे पाणी आहे. सकाळी हॉटेलात नाश्त्याला पाव, लोणी आणि त्यावर भुरभुरायला चॉकलेटच्या बारीक कांड्या होत्या. इथे मोठी माणसं, मिशा असलेली, गंभीर चेहऱ्याने पावावर चॉकलेट भुरभुरतात आणि मग कामाला जातात. शेजारी कार्नेमेल्क म्हणून आपलं ताकच होतं, फक्त त्यात जिरं नाही, मीठ नाही, आणि ते घेतल्यावर कोणी "आहा" म्हणत नाही.

धक्क्यावर विम भेटला. विम हा त्या प्लॅटफॉर्मचा प्रमुख. साठीच्या जवळ आलेला, उंच, कान लाल. आपल्याकडे हा माणूस 'विमसाहेब' झाला असता आणि त्याच्याशी बोलताना मी अर्धी वाकले असते. इथे सगळं अरे-तुरे. त्याने माझ्या नावाचा कागद वाचला आणि म्हणाला, "आर्खना." मी म्हटलं, "अर्चना." तो म्हणाला, "हो, आर्खना." डच लोक 'सीएच'चा 'ख' करतात. इतक्या वर्षांत मी त्यावरून भांडणं सोडून दिलं आहे.

"शुक्रवारी माझ्या मुलीचं लग्न आहे," विम म्हणाला. हवापाण्याच्या गप्पा नाहीत, काही नाही. "टेसल बेटावर. म्हणजे गुरुवारी दुपारी मला याच जहाजाने परत यायचंय. चाचणी बुधवारी सकाळी सुरू, गुरुवारी सकाळी संपली. तुझं सॉफ्टवेअर चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

मराठीत 'चालेल'चे बरेच अर्थ होतात. डचमध्ये त्याने विचारलं होतं त्याचा एकच होता.

पूल

पूर्वी या लोकांना हेलिकॉप्टरने नेत. आता जहाजाने नेतात आणि जहाजावर एक पूल असतो. या पुलाची मी ऑफिसात पुष्कळ चित्रं पाहिली होती. त्याखाली सहा हायड्रॉलिक पाय असतात. लाट जहाजाला वर ढकलते तेव्हा ते आखडतात, खाली नेते तेव्हा लांबतात. परिणाम असा की जहाज पाळण्यासारखं डुलतं आणि पूल मात्र घरच्या ओट्यासारखा स्थिर. माणसाने नुसतं चालत पलीकडे जायचं, कामावर जातो तसं.

नुसतं चालत! पायाखाली जाळी, जाळीखाली समुद्र, मागे वरखाली होणारं जहाज, आणि पोटात सकाळचं चॉकलेट. मी देवाचं नाव घेतलं. विम माझ्या पुढे होता, हातात बॅग, जणू बाजारातून येतोय. पलीकडे पोचल्यावर त्याने मागे वळून विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "स्थिर." तो म्हणाला, "तुझा चेहरा नाही."

प्लॅटफॉर्मवर पहिली जाणवली ती शांतता. पूर्वी इथे वीज तयार करायला गॅसवर चालणारं टर्बाइन होतं, ते दिवसरात्र गर्जायचं. आता शेजारच्या पवनचक्क्यांकडून समुद्राच्या तळातून केबल आली आहे आणि प्लॅटफॉर्म विजेवर चालतो. टर्बाइन बंद झालं तेव्हा, विमने सांगितलं, लोकांना कितीतरी दिवस झोप येईना. एकाने तर फोनवर टर्बाइनचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता, तो उशाशी लावून झोपायचा.

खानावळीत रोशनी होती. ती सुरिनामी हिंदुस्तानी, तिचे पणजोबा भारतातून जहाजाने सुरिनामला गेलेले आणि ती तिथून हॉलंडला आलेली. पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले. तिने मला नखशिखांत बघितलं आणि विचारलं, "का खइबे?" म्हणजे काय खाणार. तिची हिंदी जुन्या काळातून थेट आलेली, मध्ये कुठे थांबलीच नाही. मी माझ्या पुणेरी हिंदीत उत्तर दिलं. आम्ही दोघी एकमेकींच्या हिंदीला हसलो आणि मग तिने मोठी मऊ रोटी आणि बटाट्याची भाजी वाढली. त्या चार दिवसांत माझं जे काही बरं झालं ते त्या रोटीमुळे झालं.

हाताची घडी

चाचणीचा नियम एका ओळीत सांगता येतो. एक दिवस आणि एक रात्र प्लॅटफॉर्म संपूर्णपणे किनाऱ्यावरून चालेल. राहायच्या खोल्यांबाहेर कोणी कशालाही हात लावायचा नाही. फिरायला, बघायला हरकत नाही. हात लागला की घड्याळ शून्यावर. शाळेतलं हाताची घडी, तोंडावर बोट, फक्त शिकवायला बाई नाहीत.

आणि ही चाचणी पुढे ढकलता येणार नव्हती. खालचा गॅस आता थोडा उरलाय. त्यासाठी माणसं वस्तीला ठेवून अजून एक हिवाळा काढणं कंपनीला परवडत नव्हतं. रिकामा चालला तर प्लॅटफॉर्म आणखी बरीच वर्षं चालणार. नाही तर विहिरी बुजवून, कापून, भंगारात. विम अर्धं आयुष्य तिथे राहिला होता. तो म्हणाला, "मी नसलो तरी चालेल, पण तो असावा." हे तो पावावर लोणी लावता लावता म्हणाला, आणि मला एकदम भरून आलं. मी ताक प्यायले.

बुधवारी सकाळी किनाऱ्यावरून मंदारचा आवाज आला, "सुरू." मंदार माझा सहकारी, पुण्याचाच, कोथरूडचा. तो डेन हेल्डरच्या नियंत्रण खोलीत बसला होता. इकडे सात-आठ धट्टीकट्टी माणसं, ज्यांनी जन्मभर झडपा फिरवल्या, ती खिशात हात घालून उभी राहिली. एकाने सवयीने एका पाइपावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि विमने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

काम करत होता तो फक्त बेलो. बेलो म्हणजे चार पायांचा यंत्रकुत्रा. त्याला डोक्याच्या जागी कॅमेरा आहे. तो ठरलेल्या फेऱ्या मारतो, जिने चढतो, गळतीचा वास घेतो आणि जुन्या तबकड्यांवरचे काटे वाचतो. दुपारी वारा पडल्यावर एक ड्रोन येऊन सुट्या भागाची पेटी ठेवून गेलं. शेजारच्या एका प्लॅटफॉर्मवर आता समुद्राच्याच पाण्यापासून हायड्रोजन काढून बघणार आहेत, असं कोणीतरी म्हणालं. पूर्वी इथे लोक पत्ते खेळताना कोणाची बायको काय म्हणाली ते बोलत. आता हे बोलतात.

मी फिरत फिरत मोजमापाच्या खोलीत गेले. किनाऱ्याकडे किती गॅस चाललाय ते तिथे मोजतात. जुनी बंद खोली, खिडकी नाही, छताला एक जळता दिवा, भिंतीवर काचेच्या गोल तबकड्या. त्यातल्या एका तबकडीचा आकडा मी कित्येक वर्षं पडद्यावर पाहत आले होते. ती एवढीशी, वाटीएवढी निघाली. मी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, आणि बाहेर पडले.

दिवा

रात्रीचं जेवण इथे संध्याकाळीच असतं. रोटीचा पहिला घास तोंडात आणि मंदारचा फोन.

"अर्चना, अगं काय सॉफ्टवेअर लिहिलंयस! दुपारी मोजमापाच्या खोलीतला दिवा गेला. आपोआप. बेलो आत गेला तर मिट्ट काळोख. त्याने स्वतःची बॅटरी लावली तर काचेवर उजेड चमकला, काटा दिसेना. आणि तुझ्या सिस्टिमने काय केलं माहितेय? घाबरली नाही. शेजारच्या दोन तबकड्यांवरून हिशेब काढला, सगळं ठीक आहे म्हणाली, नोंद केली आणि पुढे चालू. आम्ही इथे टाळ्या वाजवल्या. असला प्रसंग मुद्दाम घडवायचा तर महिना गेला असता!"

"नंतर बोलते," म्हणून मी फोन ठेवला.

दिवा गेला नव्हता. दाराशेजारी काळा, जुना, टप्पोरा खटका होता आणि बाहेर पडताना मी तो खाली केला होता. मला आठवतसुद्धा नव्हतं. हाताला आठवत होतं. खोलीतून शेवटचं माणूस बाहेर पडलं की दिवा बंद. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत आईने हे आम्हा भावंडांच्या हाडात भरलं होतं. "कोणासाठी जळतोय तो?" एवढंच विचारायची. आम्ही उत्तर न देता मागे जाऊन बंद करून यायचो. निर्मनुष्य प्लॅटफॉर्म उभारणाऱ्या कंपनीने जगभरातल्या चुकांचा विचार केला होता, हिचा नाही.

जेवण टाकून मी खोलीत गेले आणि मंदारला फोन लावला. "अरे, तो दिवा मी बंद केला."

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "तू कोणाला बोललीस का?"

"नाही."

"मग गप्प बस. अगं, विचार कर ना. सिस्टिमने हाताळलं की नाही? हाताळलं. दिवा कोणी बंद केला त्याने काय फरक पडतो?"

"नियम आहे, हात लावायचा नाही."

"सकाळी संपतंय ते. संपलं की दुपारी तुमचं जहाज. संध्याकाळपासून हवा बिघडणारे, शनिवारपर्यंत पूल लागणार नाही. घड्याळ शून्यावर गेलं तर तुझ्या त्या विमच्या पोरीचं लग्न बापाविना होईल. तुझ्या एका खटक्यापायी. बघ बाई."

मंदार वाईट नाही. उलट तो जे म्हणत होता ते सगळं बरोबर होतं, म्हणून तर मला त्याचा इतका राग आला.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. नोंदीत 'दिवा आपोआप गेला' असं राहणार. म्हणजे हिवाळ्यात कोणातरी माणसाला, खवळलेल्या समुद्रावरून, त्या पुलावरून, एक धडधाकट दिवा दुरुस्त करायला पाठवणार. मी तो पूल ओलांडला होता. शिवाय एक दिवस एक रात्र कोणी हात लावला नाही असं विम सही करून सांगणार, आणि ते खोटं असणार, आणि ते फक्त मला आणि मंदारला ठाऊक असणार. एकीकडे हे, दुसरीकडे एका मुलीचं लग्न. मला धड झोप लागली नाही. टर्बाइन असतं तर निदान त्याला दोष देता आला असता.

गुरुवार

विम पावावर चॉकलेट भुरभुरत होता. खुशीत होता, म्हणजे कान नेहमीपेक्षा लाल होते. चाचणी संपायला थोडाच अवधी उरला होता.

"विम, मोजमापाच्या खोलीतला दिवा गेला नव्हता. मी बंद केला."

"का?"

"बाहेर पडताना दिवा बंद करतात."

"कोण?"

"आम्ही. सगळेच."

त्याने सुरी खाली ठेवली. "हा मूर्खपणा आहे," तो म्हणाला. आणि त्याच श्वासात, त्याच सुरात, "सांगितलंस ते बरं केलंस."

आपल्याकडे आधी "अहो, असू द्या हो" म्हणतात आणि मग दोन वर्षं इतरांना सांगत फिरतात. ते मला झेपलं असतं. हे झेपेना.

त्याने फोन उचलला आणि किनाऱ्याला सांगितलं की घड्याळ शून्यावर घ्या. मी म्हटलं, "विम, लग्न…"

"लग्न कधी आहे ते मला माहितेय."

"सिस्टिमने सगळं नीट हाताळलं. तू सही केलीस तरी कोणी काही म्हणणार नाही. नाहीतर तुझ्या जागी दुसरं कोणी येऊन…"

"आज कोण येणार? आणि प्रमुख हजर पाहिजे, हाही नियमच आहे." तो उठला. "हात लावायचा नाही, अशी चाचणी होती. हात लागला."

पाव तसाच टाकून तो मुलीला फोन करायला गेला. बराच वेळ लागला. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली. "ठीक आहे म्हणाली. तीनदा म्हणाली." मग बसून त्याने तो पाव संपवला. टाकायचा नाही, ही त्याच्या आईची शिकवण असावी.

रोशनीला कळलं तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "बेटी के बिहा में बाप ना जाई?" दुपारी तिने मला रोटी वाढली, भाजी वाढली नाही. दुपारीच जहाज आलं. गरज नव्हती ती माणसं पुलावरून चालत गेली. विम कठड्याशी उभा राहून बघत होता. पूल मागे सरकला, जहाज वळलं, आणि मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं, पण प्लॅटफॉर्मवर तशी जागा नसते. त्या संपूर्ण दिवसात मी एकटीने कुठल्याच खोलीत पाऊल टाकलं नाही. हात जाकिटाच्या खिशात, चेन लावून.

शुक्रवार

सकाळी चाचणी पास झाली. बेलोने सगळे काटे वाचले, कुठे काही बिघडलं नाही. विमने सही केली आणि रेडिओवर म्हणाला, "आता तुमच्याकडे." मंदार तिकडून "थँक यू" म्हणाला, आणि एवढ्यावर ते अर्धं आयुष्य संपलं. बाहेर लाटा डेकच्या खालच्या जिन्यापर्यंत उसळत होत्या. डेकवर जायला मनाई होती, स्वतः विमनेच ती लावली होती.

दुपारी लग्न लागणार होतं, टेसलच्या गेमेंतेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत. खानावळीत मोठ्या पडद्यावर जोडणी केली. रोशनीने टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि सकाळपासून खपून केक केला. विम इस्त्रीचा शर्ट घालून आला. खाली कामाची पँट आणि सुरक्षेचे बूट, हेल्मेट काखेत. आमच्यापैकी उरलेले चार-पाच जण मागे उभे. मी सगळ्यात मागे.

अजून वेळ होता म्हणून असेल, पण त्याने मला पुढे बोलावलं. "आर्खना, इथे वडिलांनी भाषण करायचं असतं. मी तिच्याबरोबर चालत आत जाणार होतो, म्हणून भाषण भावाला दिलं होतं. आता भाऊ चालणार आणि मी बोलणार. तुमच्याकडे वडील काय बोलतात?"

"काही नाही. वडील जेवणाच्या पंगतीकडे बघत असतात. बोलतात ते भटजी."

"ते काय म्हणतात?"

"सावधान."

"म्हणजे?"

मी शब्द शोधला. तो समोरच होता, दारावर, जिन्यावर, त्या प्लॅटफॉर्मच्या प्रत्येक धोकादायक कोपऱ्यात पिवळ्या पाटीवर लिहिलेला. "पास ओप," मी म्हटलं.

"लग्न लागताना?"

"अगदी त्याच क्षणी. पुन्हा पुन्हा. मग सगळे तांदूळ टाकतात."

विमने विचार केला. "योग्य आहे," तो म्हणाला.

पडद्यावर त्याची मुलगी मारीके आली, काकाच्या हाताला धरून. ती विमसारखीच उंच, कानही तसेच. शेजारी नवरा मुलगा, घामाघूम. अधिकारी बाईंनी जे विचारायचं ते विचारलं, दोघांनी हो म्हटलं, सह्या झाल्या. मग बाई म्हणाल्या, आता वधूचे वडील, समुद्रावरून. सगळ्या सभागृहाने पडद्याकडे तोंडं वळवली.

विम उभा राहिला. उभं राहिल्यामुळे त्याचं डोकं कॅमेऱ्याबाहेर गेलं. रोशनीने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं.

"मारीके," तो म्हणाला. नवऱ्याचंही नाव घेतलं. आणि मग, पाटी वाचावी तसं, "पास ओप."

सभागृह हसलं. जन्मभर सुरक्षेचे नियम शिकवलेल्या माणसाने लग्नातही तेच सांगावं, यावर हसण्यासारखंच होतं. मारीकेही हसली. विम हसला नाही. त्याचं वाक्य संपलेलं नव्हतं. त्याने घसा साफ केला, तोवर तिकडचं हसू विरून गेलं.

"…एल्कार," तो म्हणाला.

आपल्याकडे 'सांभाळून' आणि 'सांभाळा' यांत जेवढं अंतर आहे तेवढंच तिकडे आहे. पास ओप म्हणजे जपून. पास ओप एल्कार म्हणजे एकमेकांना जपा.

मारीके कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. चेहरा एवढा मोठा झाला की डोळ्यांतलं पाणी दिसलं. "आणि तुला कोण, पप्पा?" तिने विचारलं.

विमने मान हलवली, दोनदा. मग उठला, जड दार उघडलं आणि डेकवर गेला. वारा दारातून आत आला, चादर उडाली. हेल्मेट टेबलावरच राहिलं होतं. एवढ्या माणसांत कोणी नियमाची आठवण करून दिली नाही. मी ते हेल्मेट उचललं आणि तो आत येईपर्यंत हातात धरून दारात उभी राहिले.